पदावली वाचताना



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी सारं आयुष्य पाचवी ते दहावीच्या वर्गांना गणित शिकवण्यात घालवलं. म्हणून आजचा विषय मी मुद्दाम शाळेतलाच निवडला आहे, आणि तोही असा की जो वर्गात दोन तासिकांत उरकला जातो: पदावलीची किंमत काढताना कोणती क्रिया आधी करायची आणि कोणती नंतर. मला हा विषय लहान वाटत नाही. आठवीत बीजगणितापाशी जी मुलं अडखळतात, त्यांतल्या पुष्कळांची अडचण इथेच सुरू झालेली असते. दोन-तीन वर्षं ती झाकलेली राहते, आणि मग अक्षरं आली की उघडी पडते.

महाराष्ट्रात शिकलेल्या माणसाला 'कंचेभागुबेव' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. शाळेतलं बाकी सगळं विसरलं तरी ही सहा अक्षरं जिभेवर राहतात. पाठांतराला माझा विरोध नाही. पाढे पाठ असावेत, सूत्रं पाठ असावीत. पण जे पाठ करायचं ते तंतोतंत पाळलं तर उत्तर बरोबर यायला हवं, एवढी अपेक्षा तरी ठेवावी की नाही?

फळ्यावर लिहा: १० − ४ + ३. ज्या मुलाने सहा अक्षरं मनापासून पाठ केली आहेत तो म्हणतो, बेरीज आधी. चार आणि तीन सात, दहातून सात गेले, उरले तीन. उत्तर चूक. खरं उत्तर नऊ. या मुलाने आळस केला नाही की नियम मोडला नाही. नियम जसा सांगितला तसाच त्याने पाळला. मग आपण त्याला पुरवणी देतो: बेरीज आणि वजाबाकी एकाच दर्जाच्या, डावीकडून उजवीकडे जशा येतील तशा करायच्या. पुरवणी बरोबर आहे. पण आता त्याच्याजवळ दोन नियम झाले, एक सांगतो बेरीज आधी, दुसरा सांगतो जी आधी येईल ती. कोणता कधी लावायचा हे तो अंदाजाने ठरवू लागतो, आणि गणितात अंदाजाची सवय लागली की ती मोडायला फार कष्ट पडतात.

याच सहा अक्षरांत दडलेली आणखी एक गोष्ट पाहा. 'भागु' या जोडीत भागाकार आधी आहे. १२ ÷ ६ × २ मध्ये भागाकार आधी केला तर चार येतात, बरोबर. १२ × ६ ÷ २ मध्येही भागाकार आधी केला तर बारा त्रिक छत्तीस. डावीकडून गेलो तर बहात्तर भागिले दोन, पुन्हा छत्तीस. कितीही लांब माळ घ्या, भागाकार आधी केल्याने उत्तर कधीच बिघडत नाही. उलट गुणाकार आधी केला तर पहिल्या उदाहरणात बारा भागिले बारा, म्हणजे एक येतो. अमेरिकेतल्या शाळांत जो लघुशब्द शिकवतात त्यात गुणाकाराचं अक्षर आधी येतं, आणि तिथली मुलं नेमकी हीच चूक करतात. म्हणजे आपली 'भागु' ही जोडी निर्धोक आहे, 'बेव' नाही. ती 'वबे' असती तर १० − ४ + ३ चुकलं नसतं.

मग बेरीज पुढे का ठेवली असेल? मला त्याचं कारण असं दिसतं. प्राथमिक वर्गातल्या मुलाला ऋण संख्या माहीत नसतात. ३ − ५ + ४ हे उदाहरण डावीकडून सोडवायला गेलं तर पहिल्याच पावलाला ते अडकतं, तीनातून पाच जात नाहीत. पण जे जे मिळवायचं आहे ते आधी एकत्र केलं, तीन आणि चार सात, आणि मग पाच वजा केले, तर दोन उरतात आणि काहीच अडत नाही. बेरीज आधी याचा शहाणा अर्थ हा आहे. घरातला जमाखर्च आपण असाच मांडतो. पगाराचे दहा हजार आले, किराण्याचे चार हजार गेले, भावाने उसने घेतलेले तीन हजार परत केले. ते तीन हजार खर्चाच्या खाली लिहिले म्हणून कुणी खर्चात मिळवत नाही. ते जमेचेच राहतात, कुठेही लिहिले तरी.

चिन्ह त्याच्या पुढच्या संख्येचं असतं. १० − ४ + ३ मध्ये तीन वस्तू आहेत: धन दहा, ऋण चार, धन तीन. या प्रत्येक वस्तूला आपण पद म्हणतो, आणि मला आज जे सांगायचं आहे ते या पदाभोवतीच फिरतं. क्रियांचा क्रम हा पाठ करायचा क्रम नव्हे; पदावलीत पदं कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे दिसलं की क्रम आपोआप ठरतो. कंसाबाहेरचं प्रत्येक अधिक आणि प्रत्येक वजा ही पदाची सीमा. गुणाकार, भागाकार, घात हे पदाच्या आतले व्यवहार.

२० − १२ ÷ ४ × २ + (७ − ३)² घ्या. पेन्सिलीने सीमांवर उभ्या रेघा मारल्या की तीन पदं दिसतात. पहिलं वीस. दुसरं ऋण, १२ ÷ ४ × २, म्हणजे सहा. तिसरं धन, चाराचा वर्ग, सोळा. वीसमधून सहा गेले चौदा, त्यात सोळा मिळवले तीस. कंसातला वजा तिसऱ्या पदाच्या पोटात आहे, तो सीमा नव्हे. कंसाचं काम तेवढंच. पाचवीच्या मुलालाही या रेघा मारता येतात, आणि पुढे बैजिक राशी आल्या की एकपदी, द्विपदी, बहुपदी ही नावं त्याला नवी वाटत नाहीत.

आपल्याकडच्या जुन्या बीजगणिताला ही दृष्टी होती. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'त धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे आणि गुणाकाराचे नियम दिले. तिथे ऋण ही एक संख्याच आहे. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, अव्यक्त राशीसाठी 'यावत्तावत्' मधला 'या', तिच्या वर्गासाठी 'याव', आणि नुसत्या संख्येसाठी 'रूप' मधला 'रू' येतो. एकाहून अधिक अव्यक्तं असली तर काळक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. दोन पदांच्या मध्ये अधिकाचं चिन्ह नाही, वजाचंही नाही. पदं शेजारी शेजारी मांडायची, आणि जे पद ऋण आहे त्याच्या संख्येवर टिंब द्यायचं. आज आपण ५ − २क्ष² + ३क्ष असं जे लिहितो ते त्या पद्धतीने लिहायचं तर याव २, या ३, रू ५, आणि दोनाच्या डोक्यावर टिंब. या मांडणीत बेरीज आधी की वजाबाकी आधी हा प्रश्न विचारायला जागाच नाही. आपल्या पाचवीच्या मुलाची चूक तिथे होऊच शकत नव्हती.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्याने तिथे मठ स्थापन केला, त्याचा हा १२०७ सालचा लेख. तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. गणिताचं एक पुस्तक शिकवलं जावं म्हणून दगडावर लेख कोरला जातो, ही घटना आपल्याच भूमीत घडलेली आहे, आणि गणिताच्या शिक्षकांनी तिचा अभिमान बाळगावा असं मला वाटतं.

आज वापरतो ती चिन्हं युरोपात सुमारे पावणेदोनशे वर्षांत एकेक करून आली. अधिक आणि वजा छापील पुस्तकात दिसले ते १४८९ साली, योहानेस विडमानच्या. बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये काढलं. गुणाकाराची फुली विल्यम ऑट्रेडने १६३१ मध्ये, आडव्या रेघेच्या वरखाली टिंब असलेलं भागाकाराचं चिन्ह योहान राहनने १६५९ मध्ये. मधल्या काळात, १६३७ मध्ये, देकार्तने घातांक अक्षराच्या उजव्या खांद्यावर चढवला. तोवर पुष्कळसं गणित वाक्यांत सांगितलं जाई, आणि वाक्यात क्रम आपसूक येतो: या दोहोंची बेरीज करून तिला चाराने गुणावं. चिन्हं एका ओळीत उभी राहिली तेव्हा कुठे क्रम ठरवण्याची गरज पडली. तो कुणा एकाने ठरवला नाही. लिहिणाऱ्यांच्या आणि छापणाऱ्यांच्या सवयीतून तो बसत गेला, आणि सगळा बसलाही नाही. फ्लोरियन कजोरी यांनी १९२८ साली गणिती चिन्हांचा इतिहास लिहिला. एकाच पदात भागाकार आणि गुणाकार दोन्ही चिन्हं आली तर आधी कोणतं, यावर अजून एकमत नाही, अशी नोंद त्यांना त्या वेळीही करावी लागली.

मात्र बेरजेच्या आधी गुणाकार, आणि गुणाकाराच्या आधी घात, यावर असा वाद झाला नाही. त्याला भक्कम कारण आहे. ३४७ ही संख्याच पाहा. ती म्हणजे ३ × १०² + ४ × १० + ७. आधी दहाचा वर्ग, मग तीनाने गुणाकार, मग बेरीज. दुसरीतलं मूल ही संख्या वाचतं तेव्हा त्याने हा सगळा क्रम न शिकवता पाळलेला असतो. तोंडी संख्यांत तर कंसही आहेत. साडेतीनशे म्हणजे तीनशे आणि वर अर्धा नव्हे. तीनात अर्धा मिळवायचा आणि मग शंभराने गुणायचं. पावणेदोनशे म्हणजे दोनातून पाव काढायचा आणि उरलेल्याची शंभरपट करायची, एकशे पंचाहत्तर. बाजारात भाजी घेणारी बाई हे कंस क्षणात सोडवते. तेच कंस वहीत दिसले की मूल घाबरतं, कारण हे आपलंच आहे असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

बहुपदीची रचना या दशमान संख्येसारखीच आहे, फक्त दहाच्या जागी क्ष. म्हणूनच बहुपदी कंसांशिवाय लिहिता यावी असा क्रम रूढ झाला. बेरीज आधी करायचं ठरलं असतं तर ३क्ष² + ४क्ष + ७ लिहायला पदोपदी कंस घालावे लागले असते.

आता अक्षराच्या जागी संख्या घालण्याकडे येतो. खरी पडझड इथे होते. ५ − २क्ष² + ३क्ष ची किंमत क्ष = −३ असताना काढायची आहे. वह्या तपासताना या एका उदाहरणाची किती वेगवेगळी उत्तरं सापडतात! एक मुलगी लिहिते ५ − २ × −३² + ३ × −३. तिला सगळं कळलेलं आहे, पण उणे तीन लिहिताना तिने कंस घातला नाही. पुढच्या ओळीत ती तीनाचा वर्ग करते, उणे चिन्ह बाहेरच ठेवते, आणि −९ मिळवते. त्याची −२ पट म्हणजे धन अठरा. पाच आणि अठरा तेवीस, त्यातून नऊ गेले, उत्तर चौदा. तिच्या शेजारचा मुलगा दोनाला उणे तीनाने आधी गुणतो, मग सगळ्याचा वर्ग करतो, छत्तीस. पाचातून छत्तीस आणि नऊ गेले, उणे चाळीस. दोघांनाही पाढे येतात, वर्ग येतात, चिन्हांचे नियम येतात. घातांक कुणाच्या खांद्यावर आहे एवढंच दोघांच्या नजरेतून सुटलं. २क्ष² मध्ये तो फक्त क्षच्या खांद्यावर आहे, दोनाच्या नाही. आणि क्षच्या जागी जे काही येईल ते अख्खं त्या खांद्याखाली उभं राहिलं पाहिजे, उणे चिन्हासकट. म्हणून लिहायचं ५ − २(−३)² + ३(−३). पाच, ऋण अठरा, ऋण नऊ. उत्तर उणे बावीस.

मी सर्व शिक्षकांना विनंती करीन की अक्षराच्या जागी संख्या घालताना कंस सक्तीचा करावा, संख्या धन असली तरी. उत्तर बरोबर आलं आणि कंस नसेल तर गुण कापावा असं मी म्हणत नाही. पण वहीवर तांबडी खूण जरूर करावी.

यंत्रं आपल्यासाठी हे काम करतील असं कुणाला वाटत असेल तर त्याने एक प्रयोग करावा. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ ही बटणं ओळीने दाबावीत. उत्तर वीस येतं. तेच मोबाईलवर केलं की चौदा. साधं यंत्र प्रत्येक बटणाला हातातली क्रिया उरकून टाकतं, पुढे काय येणार याची वाट पाहत नाही. पण किराणा दुकानदार त्यावर कधी चुकत नाही, आणि तो काय करतो हे बघण्यासारखं आहे. चाळीसची तीन पाकिटं: ३ × ४० करून तो 'एम प्लस' दाबतो. पंचावन्नच्या दोन बाटल्या: २ × ५५, 'एम प्लस'. एक पंचवीसचा पुडा गिऱ्हाईकाने परत दिला: २५, 'एम मायनस'. शेवटी 'एम आर' दाबलं की दोनशे पाच. प्रत्येक पदाची किंमत स्वतंत्र काढायची, ती तिच्या चिन्हासह साठवायची, आणि एकदम बेरीज घ्यायची. पदावली सोडवण्याची याहून शुद्ध रीत मला माहीत नाही.

संगणकाच्या भाषांत क्रम पक्का केलेला असतो, पण सगळीकडे एकच नसतो. एक्सेलच्या रकान्यात बरोबरचं चिन्ह देऊन उणे दोनाचा वर्ग कंसाशिवाय लिहिला तर उत्तर धन चार मिळतं. गणिताच्या पुस्तकात आणि पायथन भाषेत ते उणे चार असतं. हिशेबाची मोठी कोष्टकं बनवणाऱ्या आपल्या मुलामुलींना हा फरक माहीत हवा.

२०१९ मध्ये ८ ÷ २(२ + २) या एका ओळीवरून जगभर वाद झाला होता. कुणी सोळा म्हणे, कुणी एक. डावीकडून नियमाने गेलं तर सोळा येतात. पण बीजगणितात ८ ÷ २क्ष असं कुणी लिहिलं तर पुष्कळ जाणकार २क्ष हे एकच समजून वाचतात, आणि मग उत्तर एक. आपल्या सहा अक्षरांतल्या 'चे' ला हा दर्जा आधीपासून आहे: २४ ÷ ४ चे १/२ मध्ये चाराचे अर्धे आधी करायचे, दोन, आणि उत्तर बारा. तिथे 'चे' च्या जागी फुली घातली की उत्तर तीनावर येतं. गुणाकार एकच, पण एक घट्ट आणि एक सैल. माझं मत स्पष्ट आहे: असं उदाहरण लिहिणाऱ्याने कंस घालावा किंवा आडवी रेघ मारून अंश वर आणि छेद खाली लिहावा. दोन प्रकारे वाचता येईल अशी पदावली परीक्षेत देऊन मुलांचे गुण कापणं हा अन्याय आहे.

क्रम समजला की तो बदलण्याचं स्वातंत्र्यही मिळतं. २क्ष³ − ६क्ष² + २क्ष − १ ची क्ष = ३ साठी किंमत काढायची तर सत्तावीस, नऊ असे घात करत बसावं लागतं. तीच पदावली ((२क्ष − ६)क्ष + २)क्ष − १ अशी लिहिली की दोन त्रिक सहा वजा सहा शून्य. शून्य त्रिक शून्य अधिक दोन. दोन त्रिक सहा वजा एक, पाच. घात एकही नाही. हॉर्नर यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते, आणि आपल्या नववीतल्या संश्लेषक भागाकारात हीच आकडेमोड असते.

शेवटची गोष्ट समीकरणांची. ३क्ष + ७ = २२ मध्ये क्षवर आधी गुणाकार झाला, मग बेरीज. क्ष मोकळा करायचा तर उलट दिशेने जायचं: आधी सात काढायचे, मग तीनाने भागायचं, उत्तर पाच. ज्याला पदावलीतला क्रम दिसत नाही त्याला तो उलटा फिरवता येत नाही, आणि समीकरण म्हणजे त्याला बाजू बदलली की चिन्ह बदलणारी जादू वाटू लागते. आर्यभटाने ४९९ मध्ये 'आर्यभटीया'त ही उलट जाण्याची रीत दिली आहे, आणि 'लीलावती'त व्यस्तविधीचं एक सुरेख उदाहरण आहे. एक संख्या तीनाने गुणली. गुणाकारात त्याचाच पाऊण भाग मिळवला. साताने भागलं. भागाकारातून त्याचा तिसरा भाग काढला. उरलेल्याचा वर्ग केला, त्यातून बावन्न वजा केले, वर्गमूळ घेतलं, आठ मिळवले, दहाने भागलं, तेव्हा दोन आले. तर ती संख्या कोणती?

मागून सुरुवात करू. दोन दाहे वीस. वीसमधून आठ गेले बारा. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, त्यात बावन्न मिळवले एकशे शहाण्णव, त्याचं वर्गमूळ चौदा. तिसरा भाग काढल्यावर चौदा उरले, म्हणजे आधी एकवीस होते. एकवीस साते एकशे सत्तेचाळीस. पाऊण भाग मिळवून झालेली ही पावणेदोन पट, तेव्हा मूळ चौऱ्याऐंशी. तीनाने भागलं, अठ्ठावीस.

हे उदाहरण आठवीच्या वर्गात द्यावं, पण उत्तर काढण्याच्या आधी मुलांना ते एका ओळीत पदावली म्हणून लिहायला लावावं. साधा कंस कुठे, महिरपी कुठे, चौकटी कुठे, वर्गमूळाची रेघ किती लांब ओढायची, यावर मुलं आपसात भांडतील. दोन तासिका गेल्या तरी चालेल, ते भांडण शिक्षकांनी मिटवू नये.